पालथ्या माणसाचा नवस

नालासोपाऱ्याच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून ती खरीच ताजी आहे की पाणी मारून ताजी केली आहे याचा मी निकाल लावत होतो, तेवढ्यात डाव्या डोळ्यासमोर एक काळा दोरा लोंबकळला. कोळ्याचं जाळं असेल म्हणून हाताने बाजूला केला. गेला नाही. पुन्हा केला. भाजीवाली म्हणाली, "चाचा, टाटा किसको करताय?" आजूबाजूची माणसं हसली, मीही हसलो, कारण हसणाऱ्यांच्या बाजूने असावं हा माझा जुना नियम. आणि हसता हसता तो दोरा फुटला. शाईची दौत कलंडावी तसं काहीतरी त्यातून पसरत गेलं आणि भाजीवाली, तिचे दात, कोथिंबीर, तराजू सगळं तांबूस धुरात बुडालं. उजवा डोळा माझा आधीच गेल्यात जमा; वाडीतल्या बावखलासारखा, म्हणजे जुन्या तळ्यासारखा, वर शेवाळ, खाली गाळ. म्हणजे जे काही बघायचं ते या डाव्यानेच. त्या धुरात मी जुडी हातात धरून तसाच उभा राहिलो आणि पहिला विचार काय आला, तर आता ही गोष्ट घरी सांगितली तर मॅग्डलीनला खरी वाटणार नाही.

तिला वाटली. बायकोला नवऱ्याचा आवाज कळतो. आचोळ्याच्या दवाखान्यात अश्लेषा डॉक्टरीण आहे, आमच्या नातीच्या वयाची. तिने डोळा उघडला, आतलं रक्त धुतलं, पडदा जागेवर बसवला, आणि तो बसलेला राहावा म्हणून आत गॅसचा बुडबुडा भरला. "बुडबुडा वर जातो काका," ती म्हणाली, "आणि पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो. म्हणजे तुम्ही जमिनीकडे तोंड केलंत तरच बुडबुडा पडद्याला दाबून धरणार. मान वर करायची नाही हां. जेवताना, झोपताना, बाथरूममध्येसुद्धा खालीच बघायचं. ईस्टरनंतर तपासते. तोपर्यंत मान वर केलीत आणि पडदा सुटला, तर पुन्हा बसवायला मी नाही." मी म्हटलं, बाई, मी उभ्या जन्मात कोणापुढे मान खाली घातली नाही. ती म्हणाली, "मग सगळं एकदम उरकून घ्या."

माझं अंथरूण पुढच्या खोलीत, येशूच्या अल्तारासमोर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यासमोर घातलं, कारण चांगला पंखा तिथेच आहे. मी पालथा पडलो, म्हणजे खरं तर माझ्या पोटावर मी ठेवला गेलो. गादीवर माझी ढेरी, तिच्यावर मी, आणि दोन्ही बाजूंना अधांतरी हात-पाय. उताण्या कासवाची कीव सगळ्यांना येते, पालथ्या माणसाची कोणाला येत नाही. कपाळाखाली गोधडीची चुंबळ, तिच्या भोकातून नाकाला हवा आणि डोळ्याला लादी. डाव्या डोळ्यात तो बुडबुडा, मोठा, गोल, कडेला काळी रेघ, श्वास घेतला की थरथरणारा. त्याच्यातून लादी म्हणजे नुसता पांढरा गिलावा. लाळ गळायची. मानेच्या मागे कोणीतरी खिळा ठोकत आहे असं वाटायचं, आणि तो ठोकणारा मध्येच जेवायला जायचा आणि परत यायचा. पहिल्या दिवशी मी येशूच्या सगळ्या जखमा आठवल्या. दुसऱ्या दिवशी मला कळलं की माणसाला मोठ्या दुःखाने काही होत नाही, नाकाच्या शेंड्याला खाज सुटली की होतं.

आणि ढेरी बोलायची. हे मी रचून सांगत नाही. पोट खाली दाबलेलं असलं की त्याचा आवाज थेट कानात येतो, गुरगुर, मग शांतता, मग कोणी दाराआडून काही सांगावं तशी लांबट कुजबुज. ऑपरेशनच्या आधी मी डॉक्टरणीला विचारलं होतं की माझ्या डोळ्यात हे जाळं आलंच कसं. मला वाटलं होतं ती साखरेवर व्याख्यान देईल. दिलंच. पण मग माझ्या पोटाकडे बोट करून म्हणाली, "मुख्य गुन्हेगार साखर. पण तिला साथीदार आहे. तुम्हाला वाटतं चरबी म्हणजे कणगीतलं भात, भरून ठेवलं की गप्प बसतं? ती गप्प बसत नाही काका. ती रक्तात निरोप सोडते. एकाचं नाव लेप्टिन. त्याने खरं तर मेंदूला सांगायचं, घरात भरपूर आहे, आता जेवण पुरे. पण तेच लेप्टिन वाटेत रक्तवाहिन्यांनाही चिथावतं, फुटा, नवीन फांद्या काढा. चरबी वाढते तेव्हा तिला रक्त लागतं ना, म्हणून. दुसरा एक निरोप आहे, ॲडिपोनेक्टिन, तो वाहिन्यांना सांभाळणारा, आवर घालणारा. पण पोट जितकं सुटेल तितका तो कमी. मग डोळ्यात नको तिथे वाहिन्या फुटतात, कच्च्या, पातळ. जरा धक्का लागला की गळतात."

मला ते अगदी पटलं, कारण डोळा धड असताना आचोळ्याला तिच्या दवाखान्याच्या आसपास मी तेच बघितलं होतं. एक इमारत उभी राहिली की तिच्या मागे दुसरी, आणि प्रत्येकीचा पाइप कुठून तरी रात्रीतून आलेला, सायकलच्या ट्यूबने बांधलेला, सांध्यातून पाणी उडतंय. आणि त्याही आधीचं मला आठवलं, गासच्या आमच्या वाडीतलं, पानवेलींचं. माझा बापूस पाटाचं पाणी वाफ्यावाफ्याला वळवायचा. फावड्याने एक दार मोडायचं, दुसरं बांधायचं. एखादा वाफा लबाड असायचा, खालून उंदराचं बीळ असलेला. कितीही प्यायला तरी सुकलेलाच दिसायचा, आणि बापूस त्याच्याकडे पाणी सोडत राहायचा. पोट म्हणजे तो वाफा. भरलेलं असून ओरडणारं. मी आयुष्यभर लोकांना काय काय सांगितलं. आमच्या राजेळीच्या एका केळ्यावर बसून मी पुराच्या वर्षी गासहून सोपाऱ्याला गेलो, वाटेत भूक लागली म्हणून पुढचा भाग खाल्ला आणि परतताना मागच्या भागावर आलो. लोक हसले, मान हलवली, घरी गेले, कोणाचं काही वाकडं झालं नाही. पण माझ्याच पोटातली ही म्हातारी मला न विचारता थापा मारत बसली होती, आणि माझ्या रक्ताने तिच्यावर विश्वास ठेवला होता.

शुक्रवारी सकाळी दारातून दोन पाय आले. पालथ्या माणसाला माणसं पायांपासून सुरू होतात आणि घोट्याशी संपतात. तेही उजव्या गढूळ डोळ्याने, डाव्या बुडबुड्याच्या कडेने, अर्धं बघून अर्धं ओळखायचं. टाचांना वाडीतल्या ओल्या मातीच्या भेगा, उजव्या अंगठ्याचं नख काळं: शेजारची आल्बिना. ते पाय उंबऱ्याच्या आत थबकले. मग एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि कपड्याची सळसळ झाली, ती क्रूसाची खूण केल्याची. "आलूस," ती एवढ्या हळू म्हणाली की मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. "आलूस, तू?"

आता तिच्या बाजूने बघा. ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ चाललेला. समोर अल्तार, त्यावर मेणबत्ती, जी मॅग्डलीन रोजच लावते. आणि खाली जमिनीवर तोंड टेकून, हात पसरून मी. आमच्या देवळात असं पालथं पडलेलं माणूस वर्षातून एकदाच दिसतं, गुड फ्रायडेला, अल्तारासमोर, फादर. त्या वेळी सगळं देऊळ श्वास रोखतं. आल्बिनाने तो श्वास रोखला. मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं. पण लाळेने तोंड भरलेलं, आणि कित्येक दिवसांत माझ्याशी कोणी अशा आवाजात बोललं नव्हतं. मी नुसतं "हूं" केलं. एकच हूं. माझ्या सगळ्या गोष्टींमध्ये सर्वांत छोटी.

दुपारपर्यंत त्या हूंला फाटे फुटले. आधी दोन पाय आले, मग चार, मग वाडीतले, मग देवळामागच्या आळीतले, चपला बाहेर काढून, हळू. कोणी म्हणे माझा नवस पावसासाठी, कोणी म्हणे गावातल्या जमिनी विकल्या जाऊ नयेत म्हणून. मॅग्डलीनने प्रत्येकाला दारातच सांगितलं, "डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं. गॅस भरलाय आत." तिने आयुष्यात कधी खोटं सांगितलेलं नाही, पाहुण्याला घरात साखर नाही एवढंही नाही. पण लोक म्हणाले, नवस लपवायचा असतो, बिचारी लपवतेय. आणि डोळ्यात गॅस? सिलेंडर कुठे ठेवलाय मग, उशीखाली? ही तर आलूसचीच थाप, तिच्या तोंडी दिलेली. मी पालथा ऐकत होतो. मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती, पोट हललं की बुडबुडा हलायचा. मग ते माझ्या कानाशी वाकून बोलायला लागले. सुना, पोरं, जमिनीचे हिस्से, दारू. गोष्टी सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यांचे चेहरे लागतात. डोळा केव्हा मोठा झाला, ओठ केव्हा फाकला, ते बघून पुढचं वाक्य सुचतं. इथे चेहरे नव्हते, नुसते पाय होते, आणि पाय खोटं बोलत नाहीत. बोलता बोलता एखादा अंगठा लादीवर आपल्याआप वळायचा आणि मला कळायचं, तोंड खोटं बोलतंय, आता मागून खरं येईल. मला ते नको होतं. इतकं खरं एका जागी पडून ऐकायची माझ्या जिवाला सवय नाही.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी आल्बिना नवऱ्याला घेऊन आली. पीटर माझा लहानपणापासूनचा सोबती, माझ्या प्रत्येक थापेला "आणि मग?" म्हणणारा एकटाच माणूस. त्यालाही साखर, त्यालाही माझ्याएवढीच ढेरी. आम्ही एकमेकांना मिठी मारली तर हात पाठीपर्यंत पोचत नाहीत. तो खुर्चीत बसला आणि त्याचा डावा पाय माझ्या तोंडासमोर आला. कापड सोडलं तेव्हा आधी वास आला. ओल्या भाताच्या पेंढ्याचा, आत कुजायला लागलेल्या. करंगळी काळी होती, आणि तिच्या बाजूची जखम पांढरट, कोरडी, कडेला लालीचा मागमूस नसलेली. "डॉक्टर बोलतात बोट कापा, नायतर पाय जाईल," आल्बिना म्हणाली. "मी बोलले, ईस्टरपर्यंत थांबा. आमचा आलूस नवसाला पडलाय. ईस्टरला तो उठेल, पीटरच्या पायाला हात लावेल. मंग बघू." पीटरने पाय मागे ओढून घेतला. माझ्या पोटाने एक लांब आवाज काढला आणि आल्बिनाने तोही प्रार्थनेचा समजून पुन्हा क्रूसाची खूण केली.

ते गेल्यावर तो वास राहिला. चुंबळीत, लादीत, माझ्या मिशीत. मी म्हटलं, एवढं काय, बोटच आहे. मग म्हटलं, ईस्टर काही लांब नाही. मग मला त्या जखमेची कड दिसत राहिली, बुडबुड्याच्या मधोमध, डोळा मिटला तरी. बुधवारी मी मॅग्डलीनला फोन लादीवर ठेवायला लावला आणि डॉक्टरणीला विचारलं, "बाई, तीच साखर, तीच चरबी. माझ्या डोळ्यात वाहिन्यांची झुडपं, आणि याच्या पायात एक फुटवा नाही. असं कसं?" ती म्हणाली, "ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही, काका. डोळ्यात नको असताना फुटतात, जखमेत हव्या असताना फुटत नाहीत. निरोप जातात, पण तिथे कोणी ऐकत नाही. कोणाचा पाय आहे?" मी सांगितलं. तिचा आवाज बदलला. "ईस्टर? आजच्या आज पाठवा त्यांना. बोट गेलं तर पाय वाचेल. थांबले तर पाय जाईल, आणि मग पायावरही थांबणार नाही."

फोन बंद झाल्यावर लादी माझ्या अंगावर आली. खरंच सांगतो, जमीन वर येऊन छातीला लागली. मान वर करून ओरडावं, धावत जाऊन पीटरला खांद्यावर टाकावं; पण मान वर केली तर डोळा जाणार, आणि नाही केली तर लोक मला संत समजणार, आणि संत समजले तर पीटरचा पाय जाणार. माझ्याच एका हूंच्या पिंजऱ्यात मी, आणि त्यात माझ्या शेजारी पीटर.

मॅग्डलीनने दोघांना बोलावून आणलं. मी सगळं खरं सांगितलं. दोरा, कोथिंबीर, रक्त, गॅस, चरबीचे निरोप, लेप्टिन. जन्मात पहिल्यांदा एकही शब्द वरचा घातला नाही. आल्बिनाच्या तोंडून हसू फुटलं, रडण्याला चिकटलेलं. "पोट डोळ्याला निरोप पाठवतं! बाय माझे! एवढा देवाचा मानूस झालास तरी तुझी जीभ जात नाय रे. नवस लपवायला एवढी मोठी थाप कशाला?" ती आत मॅग्डलीनकडे पाणी प्यायला गेली. खुर्ची करकरली. पीटर माझ्यावर वाकला, त्याचा श्वास माझ्या मानेवर आला.

"आलूस. गॅसच हाय ना?"

"गॅसच."

"म्हायत होतं मला. थाप मारताना तू धावतोस. आज अडखळत होतास." मग तो आणखी खाली वाकला. "कोनाला सांगू नकोस. सुरीची भीती वाटते मला. ईस्टरपर्यंत तरी सुटलोय."

मला त्याचा पाय दिसत होता आणि चेहरा दिसत नव्हता. सत्तर पावसाळे बघितलेला माणूस माझ्या थापेच्या पाठी लपून बसला होता, पोर आवयच्या लुगड्यामागे लपतं तसा, आणि मी हललो तर तो उघडा पडणार होता. माझ्या डोक्यात एक गोष्ट जुळायला लागली. ती जुळताना नेहमी जी गुदगुली होते ती झाली नाही. आल्बिनाचे पाय परत आले तेव्हा मी आवाज बारीक केला, देवळात वापरतात तेवढा.

"आल्बिना, तुझ्यापुढे लपवत नाही आता. नवस पीटरसाठीच आहे."

आल्बिनाचे दोन्ही गुडघे लादीवर टेकले.

"त्याची जखम भरेपर्यंत मी मान वर करणार नाही. पण नवस डॉक्टरचा हात लागल्यापासून मोजायचा आहे. तोपर्यंतचं माझं पडणं सगळं वाया. तू त्याला घरात ठेवलंस आणि मी इथे फुकट कुजतोय."

"जेजू!" आल्बिना म्हणाली. "मंग आधी का नाय बोललास? ऊठ रे पीटर!"

"मला बरं नाय वाटत," पीटर म्हणाला.

"म्हनूनच ऊठ!"

पीटरचा चांगला पाय माझ्या बरगडीत बसला, हळू, पण मुद्दाम. "ढेरपोट्या," तो दातांतून म्हणाला. "लबाडा. मेलास तरी तुझ्या मयताला येनार नाय मी." मॅग्डलीन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "रिक्षा थांबवते."

करंगळी गेली, तिच्या शेजारचंही बोट गेलं. पाय राहिला. ईस्टरच्या घंटा मी लादीकडे बघत ऐकल्या, आणि सणानंतर अश्लेषा डॉक्टरणीने माझ्या डोळ्यात उजेड मारला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पडदा बसलाय काका. करा मान वर." मला आधी ती येईना. मानच विसरली होती. मग ती हाडाहाडाने वर आली, आणि बुडबुडा, आता लिंबाएवढा उरलेला, नजरेच्या तळाशी जाऊन पाण्याच्या रेघेसारखा हिंदकळत राहिला, आणि त्याच्या वर डॉक्टरणीचा चेहरा. भुवई कापल्याची एक जुनी खूण, नाकावर घाम. मी इतकं टक लावून बघितलं की ती लाजली. परतताना मी रिक्षाच्या बाहेर डोकं काढून बसलो होतो. वायरीवर कावळे होते. गच्च्यांवर चादरी होत्या. कोणीतरी तिसऱ्या मजल्यावर एका हाताने दात घासत, दुसऱ्या हाताने फोनवर बोलत होतं. आकाश किती फुकट पडून असतं. मी मॅग्डलीनला प्रत्येक गोष्ट दाखवत होतो, ती म्हणत होती, "हो, दिसतंय मला." गासचं वळण आलं. तिथल्या क्रूसापाशी आल्बिना उभी होती, सोबत चार-पाच बायका, हातात फुलं. रिक्षा हळू झाली. मॅग्डलीनचा हात माझ्या मानेवर आला आणि घट्ट बसला.

"खाली बघ," ती म्हणाली. "पीटरची जखम अजून उघडी आहे. तू वर बघितलंस तर नवस मोडला म्हणून आल्बिना उद्या त्याला ड्रेसिंगला न्यायची नाही."

मी खाली बघितलं.

आता मला सगळं दिसतं आणि बघायला लादी आहे. तिच्यावर मुंगीचे सहा पायसुद्धा वेगळे दिसतात. पीटर रोज सकाळी ड्रेसिंग करून आला की आमच्याकडे येऊन बसतो, समोरच्या खुर्चीत. माझ्या मयतालाही येणार नव्हता म्हणे तो. पाय मात्र खाली ठेवत नाही. उंच स्टूल मागून घेतो आणि त्यावर चढवतो, माझ्या नजरेच्या वर. डॉक्टरीण म्हणते जखम भरायची म्हणजे आधी कडेला लाली धरायला हवी, बारीक वाहिन्या यायला हव्यात, आणि त्या आपल्या वेळेने येतात, घाई चालत नाही. मी रोज विचारतो. मी त्या वाहिन्यांना माझ्या अंथरुणावरून मनातल्या मनात हाका मारतो, पाट सोडल्यासारख्या. माझ्याकडच्या फाजील फांद्या जर पाठवता आल्या असत्या तर केळीच्या पानात बांधून पाठवल्या असत्या.

"काय, आली लाली?" आज मी विचारलं.

पीटरने कापड बाजूला केल्याचा आवाज आला. आज वास अजिबात नव्हता. तो आरामात म्हणाला, "नाय बा. पांढरंच हाय. मला कसली घाई?"

"मॅग्डलीन," मी म्हटलं, "तू बघ."

तिचे पाय स्वयंपाकघरातून आले, ओले, मसाल्याचा हात पदराला पुसल्याचा आवाज झाला, आणि ते स्टुलापाशी थांबले. ती वाकली असावी. पीटर खाकरला. तिच्या उजव्या पायाचा अंगठा लादीवर जरासा वळला.

"पांढरंच आहे," ती म्हणाली.